गरिबीच्या स्पॅनिश शब्दांची वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. दोनशे पानी, आखीव, पुठ्ठ्याच्या बांधणीची. आपलं आयुष्य सांगायला बसलेल्या वस्तू आधी आपण किती देखण्या होतो ते सांगतात. मी देखणी नव्हते. माझ्या कव्हरावर हंस छापला होता आणि कडा कापताना त्याची मान गेली. दुकानात सगळे मला बदकाची वही म्हणत. माझा जन्म यवतमाळच्या कडेला, लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत झाला. तिथे मला तीन बाजूंनी कापलं आणि चौथ्या बाजूने शिवलं. एवढ्यावर कोणी शिकण्यासवरण्याच्या लायक होतं, असं तिथल्या लोकांचं मत होतं.

मला विकत घेतलं नरहरपंतांनी. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. जन्मभर लोकांची शेतं मोजली, आता आपलं आयुष्य मोजावं, म्हणून त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतलं. पहिल्या पानावर सुबक अक्षरात 'माझा जन्म' असं लिहून खाली रेघ मारली. तीन दिवस विचार केला. मग मला मिटून ते म्हणाले, "पुढचं सगळं वादग्रस्त आहे."

सहा महिने मी कपाटात पडून होते. मग त्यांची मुलगी प्राची पुण्याहून स्पॅनिश शिकून परत आली. यवतमाळात स्पॅनिशला जेवढी मागणी आहे, तेवढीच तिथे जहाजाच्या होकायंत्राला आहे. पण प्राचीचं नशीब बलवत्तर. बंजारा तांड्यांवरच्या बायकांसाठी शिवणकेंद्रं चालवणारी एक संस्था होती, आणि स्पेनमधल्या वायादोलिद गावची काही निवृत्त मंडळी त्या संस्थेला मदत पाठवत असत. त्यांना पत्रं लिहायला कोणीतरी हवंच होतं.

"त्यांना इथली गरिबी त्यांच्या भाषेत कळली पाहिजे, बाबा," प्राची म्हणाली.

"आपल्याला तरी मराठीत कुठे कळते?" नरहरपंत म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

प्राचीने मला हातात घेतलं, आणि मित्रांनो, माझे चांगले दिवस सुरू झाले. ती डावीकडे स्पॅनिश शब्द लिही, तोही देवनागरीत, म्हणजे उच्चार पक्का बसावा. उजवीकडे मराठी अर्थ. 'पोब्रे' म्हणजे गरीब. 'पोब्रेथा' म्हणजे गरिबी. स्पेनची माणसं जीभ दातांत धरून 'थ' म्हणतात, गरिबीसुद्धा जीभ चावूनच बोलतात. 'एस्तार आ दोस वेलास', म्हणजे दोन मेणबत्त्यांवर असणं, खिसा रिकामा असणं. 'नो येगार आ फिन दे मेस', महिन्याच्या अखेरीपर्यंत न पोचणं. हे वाचून नरहरपंत म्हणाले, "हे स्पॅनिश नाही, हे पेन्शनरांचं आहे." सत्तेचाळिसाव्या पानावर होतं 'नो तेनेर दोन्दे काएर्से म्वेर्तो', मरून पडायलाही जागा नसणं. आपल्याकडे अठराविश्वे दारिद्र्य असतं, फुटकी कवडी नसते, हातावर पोट असतं. पण मेल्यावर पडायच्या जागेची आधीपासून काळजी करणारा गरीब मला पहिल्यांदाच भेटला. मला त्या भाषेचा आदर वाटू लागला.

मग आली ममता. पुसदच्या पलीकडच्या एका तांड्यावरची, लालीबाई आणि हरिसिंग यांची मुलगी. तेव्हा ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि संस्थेच्या केंद्रात बायकांना टाके शिकवायची. प्राचीच्या टेबलावर मला उघडं पाहून तिने वाचलं, 'मास पोब्रे के लास रातास', उंदरांहून गरीब.

"मॅडम, हे तं खोटं हाय," ती म्हणाली. "आमच्या कोठीतले उंदीर आमच्याहून जाडे हायेत."

प्राची खळखळून हसली. त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. पुढच्या चार वर्षांत ममताने मला पाठ केलं, अगदी चहाच्या डागासकट. ती मला पिशवीत घालून तांड्यावर नेई, भाकरी थापताना समोर उघडी ठेवी. माझ्या पानांवर ज्वारीचं पीठ पडलं की मी ते मानाचं समजे. प्राचीने तिला शब्द दिला होता, "पाहुणे स्वतः आले की संस्थेत दुभाष्याची जागा निघणार आहे. ती तुझी." तांड्यातल्या कोणत्याही मुलीला अशी जागा मिळाली नव्हती. ममता ते कोणाला सांगत नसे. मला मात्र ते कळे, कारण ती कडेच्या समासात आपल्या नावापुढे 'दुभाषी' लिही आणि लगेच खोडी.

एकदा प्राचीने विचारलं, "ममता, तुमच्याकडे वाईट दिवसांना काय म्हणतात?"

"याडी म्हनते, एका सालात आमी आंबाडीवर दिवस काढले." याडी म्हणजे आई. "सकाळी आंबाडी, संध्याकाळी आंबाडी."

"कधीचं हे?"

"मी पोटात होती तवाचं. आता तं ती हसून हसून सांगते."

प्राचीने ते माझ्यात उतरवून घेतलं. 'हसून हसून सांगते' एवढं लिहायचं राहिलं. मला वाटलं, शाई संपली असेल.

त्या रात्रीपासून, खरं म्हणजे त्याच्याही आधीपासून, प्राची संगणकावर काय टंकत होती ते मला दिसत नव्हतं. शब्द अडला की ती मला उघडे आणि काम झालं की मिटे. सत्तेचाळिसावं पान तर इतक्या वेळा उघडलं की माझी शिवण तिथे सैल झाली. मला वाटे, आपला उपयोग होतो आहे. उपयोग झालेल्या वस्तूंना फार प्रश्न पडत नाहीत.

गेल्या डिसेंबरात पाहुणे येणार असं ठरलं, आणि तेही थेट लालीबाईच्या घरी. आदल्या दिवशी प्राचीचा फोन आला. "लालीबाई, नवं काही घालू नका हं. जुनेच कपडे घाला."

"जुनेच घालीन व बाई," लालीबाई म्हणाली.

लालीबाई एरवी पातळ नेसते. पण बाईने शब्द पाळला. घरात सगळ्यांत जुनं काय, तर तिच्या आजेसासूची फेटिया आणि काचळी. पेटीच्या तळातून ती काढली: लाल-काळा घेरदार घागरा, तशीच चोळी, कवड्या, शेकडो आरसे, चांदीची नाणी टाचलेली. केसांत घुगऱ्या, म्हणजे चांदीचे लोंबते झुबके, आणि हातभर पांढऱ्या बलिया, म्हणजे बांगड्या. सकाळी ती अंगणात उभी राहिली तेव्हा कोंबड्या आरशांत स्वतःला पाहून बिचकल्या.

प्राची पाहुण्यांच्या आधी तासभर पोचली. लालीबाईला पाहून तिचा चेहरा उतरला. "हे काय? मी जुने म्हटलं होतं ना!"

"याच्याहून जुनं घरात काईच नाई," लालीबाई म्हणाली. "म्हातारा हाय, पन त्याले कसं घालू?"

ओसरीवर बसलेला हरिसिंग गालात हसला. प्राची हसली नाही. तिने टीव्हीचं तोंड भिंतीकडे केलं आणि फ्रिजवर गोधडी टाकली.

"फ्रिजले थंडी वाजते का व?" लालीबाईने विचारलं.

गोधडीखाली फ्रिज खरंच थरथरत होता. ममता मला पिशवीत घेऊन दाराशी उभी होती. तिने आईकडे पाहिलं, प्राचीकडे पाहिलं, आणि पाणी भरायला गेली.

गाडी आली. एक उंच गृहस्थ उतरले, ते शेवटपर्यंत नुसते फोटो काढत राहिले. त्यांच्यामागून पिलारबाई उतरल्या. सत्तरीच्या, आखूड पांढरे केस, गावच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी लालीबाईला पाहिलं आणि दोन्ही हात पसरून तिला असं कवटाळलं, जशी बालपणची मैत्रीण भेटावी. लालीबाईला ते आवडलं. "मायाळू हाय बाप्पा," ती म्हणाली.

पण मग पिलारबाई त्या आरशांकडे आणि चांदीकडे पाहून गोंधळल्या. त्यांनी प्राचीला काहीतरी विचारलं. प्राचीने हळू आवाजात उत्तर दिलं, "पोब्रे वेर्गोन्थान्ते."

पान एकसष्ट. लाजेकाजेने आपली गरिबी झाकणारा माणूस. हा शब्द ममतानेच मागे नीट, तांबड्या शाईने अधोरेखित केला होता, कारण तो तिला फार सभ्य वाटला होता. पिलारबाईंनी मान हलवली, आणि त्या क्षणापासून लालीबाईच्या अंगावरची चांदी जितकी चमके तितकी ती त्यांना गरीब दिसू लागली.

जेवणं वाढली. ज्वारीची भाकरी, तुरीच्या दाण्यांची आमटी, ठेचा, आणि लसणाच्या फोडणीची आंबाडीची भाजी. त्या भाजीसाठी लालीबाई पहाटे उठली होती. तिने पाहुण्यांपुढे ताट सरकवलं आणि प्राचीला म्हणाली, "त्याइले सांग, यंदा तूर जोरात हाय. पोटभर जेवल्याबिगर उठू नका म्हना."

प्राचीने पिलारबाईंकडे वळून सांगितलं ते पान सत्तेचाळीस होतं. आम्हाला मरून पडायलाही जागा नाही.

मी पिशवीत होते, पण मला माझे शब्द ओळखू येतात. ममतालाही आले. तिच्या हातातली भाकरी ताटाच्या काठावर थांबली. प्राचीने वर पाहिलं. ममताला सगळं कळतं आहे, हे तिला ठाऊक होतं. चार वर्षं तिनेच शिकवलं होतं. ममता बोलणार नाही, हेही ठाऊक होतं. "ममता," ती मराठीत, अगदी गोड आवाजात म्हणाली, "नव्या जागेचं पत्र सोमवारी टाइप करते हं." 

ममताने भाकरी वाढली.

पिलारबाईंनी भाजीकडे बोट दाखवलं. प्राची म्हणाली, हीच ती आंबाडी. पिलारबाईंनी पहिला घास तोंडात घातला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. 

"काहून रडून राह्यल्या ह्या?" लालीबाई घाबरली. "तिखट लागलं का?"

"गूळ दे त्याइले," हरिसिंग ओसरीवरून ओरडला.

गूळ दिला. पिलारबाई तो हातात धरून आणखीनच रडल्या. फोटो निघाले. 

तेवढ्यात ममता मला घेऊन आत गेली. चुलीपाशी बसून तिने माझं मागचं एक कोरं पान फाडलं. माझं पान याआधी कोणी फाडलं नव्हतं. मला दुखलं, आणि खोटं कशाला सांगू, अभिमानही वाटला. तिने भराभर लिहिलं, 'मि माद्रे नो एस पोब्रे. लो के दिथे प्राची नो एस वेर्दाद.' माझी आई गरीब नाही. प्राची सांगते ते खरं नाही. बोलायची हिंमत नव्हती. निदान कागद तरी बोलेल. पाहुणे गाडीत बसताना तिने ती घडी पिलारबाईंच्या मुठीत दिली.

पिलारबाईंनी घडी उघडली. कागद सरळ धरला, मग उलटा धरला. मित्रांनो, ममता आणि मी, आम्ही दोघी स्पॅनिश शिकलो ती देवनागरीत. वायादोलिदच्या शाळेत देवनागरी शिकवत नाहीत. पिलारबाई ममताकडे पाहून प्रेमाने हसल्या, आणि वाचून दाखवा म्हणून तो कागद त्यांनी प्राचीच्या हातात दिला.

प्राचीने वाचला. दोनदा वाचला. मग चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "दिथे के ग्राथियास." ती आभार मानते आहे.

पिलारबाईंनी ममताचे दोन्ही गाल चुंबले आणि गाडी गेली.

धूळ खाली बसेपर्यंत लालीबाई हात हलवत होती. मग तिने मुलीकडे पाहिलं. "काय लिवलं होतं तू? त्या मॅडमचं तोंड काहून पडलं?"

ममताने सांगितलं. घरात त्या गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत बोलतात, ती मला जेमतेम कळते. पण हे बोलणं अडखळत, अर्धं वऱ्हाडीत झालं. तूर, सत्तेचाळीस नंबरचं पान, आंबाडी, सगळं.

"अन् तू वाढत होती?" लालीबाई म्हणाली.

"जागा गेली असती, याडी."

"तोंडात जीभ होती ना?"

ममता खरकटी ताटं गोळा करू लागली.

"मले इचारलं असतं," लालीबाई म्हणाली. ती ओरडली नाही, त्यामुळे ऐकायला जास्त कठीण गेलं. "तुह्या जागेसाठी मी सोता फाटकं नेसली असती. पाव्हन्याइपुढं हात बी पसरला असता. पन मले न इचारता मले भिकारीन केलं, ते बी माह्याच घरात, माह्याच ताटापुढं."

पाहुणे पुसदच्या लॉजवर मुक्कामाला होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ममता काळी-पिवळी जीपमध्ये बसून तिकडे गेली. मला तिने नेलं नाही. फळीवर ठेवून गेली, बदक भिंतीकडे करून. चार वर्षांत पहिल्यांदाच ती माझ्याशिवाय स्पॅनिश बोलायला निघाली होती. माझ्यावरचा तिचा विश्वास उडाला होता, आणि मी तिला दोष देत नाही. तिच्या आईला गाडायला लागलेला प्रत्येक शब्द माझ्याच पोटातून निघाला होता.

ती दुपारी परतली. लालीबाई दारातच होती.

"सांगतलं," ममता म्हणाली. "तोंडानं सांगतलं."

"मंग?"

"पयले तिले खरं वाटलं नाई. मंग तिनं ब्यागीतून पत्रं काढली. एक्केचाळीस पत्रं, याडी. तुह्या नावाची."

"माह्या?"

"चार सालापासून मॅडम तुह्या नावानं लिवून राह्यल्या होत्या. आंबाडी काय, पडाले जागा नाई काय, समदं. अन् ही बाई दर खेपेस तुले उत्तर देत होती. आपल्या गावचं, शाळेचं, गुडघ्याचं. मले म्हने, 'मग मी इतके दिवस कोणाशी बोलत होते?'"

तेवढ्यात प्राची तिथे पोचली होती, असं ममताने सांगितलं. पुढे काय झालं ते तिने एका वाक्यात उरकलं: "जागा गेली." लालीबाईने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिचं मन पत्रांत अडकलं होतं.

"काय लिवत होती ती मले?"

"दोन साल झाले, तिचा मानूस गेला. ते तुले लिवलं होतं. लय लांब पत्र. म्हने, पोटच्या पोराइले नाई सांगतलं ते लालीबाईले लिवलं."

लालीबाई उंबऱ्यावर बसली. आरशाची काचळी कधीच पेटीत गेली होती. साधं पातळ, हाताला पीठ. "मंग मी काय उत्तर देल्लं?"

"याडी..."

"सांग."

"दोन शिवनयंत्रं पाह्यजेत, असं."

मित्रांनो, तांड्यात कोणाचं माणूस गेलं की बायका आधी गळ्यात पडून रडतात, मग बोलतात. वैर असलं तरी जातात. लालीबाईने अशी एकही वेळ चुकवली नव्हती. गरीब म्हटल्याचा राग तिने रात्रभरात गिळला होता. हे मात्र तिला गिळता येईना.

"चाल," ती उठली. "पुसदले चाल. मी तिच्या गळ्यात पडून येतो."

"त्या गेल्या, याडी. अकरालाच निघाल्या. नागपूरहून इमान हाय."

लालीबाई उभीच राहिली. "काल माह्या दारात होती," ती म्हणाली. "दोन साल झाले, मानूस गेलेली बाई माह्या पुढ्यात बसून रडली, अन् मी तिले गूळ देल्ला."

त्यानंतर प्राचीचे निरोप आले, वही परत कर म्हणून. ममताने मला परत केलं नाही, आणि बरेच दिवस उघडलंही नाही. नरहरपंतांना हे सगळं कळलं का, मला माहीत नाही. दुभाष्याच्या जागेवर दुसरी मुलगी आली, तिला स्पॅनिश येत नाही, त्यामुळे संस्थेत आता सगळं सुरळीत आहे.

संक्रांतीनंतर एका सकाळी लालीबाईने मला स्वतः फळीवरून काढलं आणि ममतापुढे ठेवलं. "पत्ता हाय ना तुह्यापाशी? लिही."

ममताने मला चाळलं. मरून पडायला जागा नसणं माझ्यात आहे. उपाशी झोपण्याचे चार प्रकार आहेत. दुखवट्याला जाण्याचा एकही शब्द माझ्यात नाही. जवळजवळ दोनशे पानं भरली, आणि गेलेल्या माणसाबद्दल त्याच्या बाईला काय म्हणावं ते कोणी लिहून ठेवलं नाही. ममताने ते शब्द फोनवरून शोधले, आणि वायादोलिदच्या शाळेत वाचता येतील अशा अक्षरांत माझ्या शेवटच्या पानांवर गिरवायला सुरुवात केली. तिचं इंग्रजी अक्षर वाईट आहे. ती हळू लिहिते.

"पन ती खरं कायले मानन?" ममता म्हणाली. "तुह्या नावाची एक्केचाळीस आलीच हायेत तिच्यापाशी."

लालीबाईने माझं पान तळहाताने सपाट केलं. मग ती म्हणाली, "नको मानू दे. तू लिही."

म्हणून बालमित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी कोरी वही असेल तर एवढं करा. तिच्यात कोणाचं दुःख उतरवून घेतलंत, तर ते ज्याचं आहे त्याला एकदा वाचून दाखवा, आणि तो हसून सांगत असेल तर तेही लिहा. शाई तेवढ्यासाठी पुरते. आम्हा वह्यांना स्वतःहून काही खोडता येत नाही. माझ्या पानांवर आता बेचाळिसावं पत्र आहे, अजून अपुरं. त्याची पहिली ओळ ममताने तीनदा लिहिली आणि तिन्ही वेळा लालीबाईने तिच्याकडून तिचा अर्थ वदवून घेतला: मी लालीबाई. याआधी मी तुला कधीच लिहिलेलं नाही.